डावा खांदा

पीठ मळताना हातांचा कंप कळत नसे. आल्बिना पिठात हात घाली आणि ते पिठाचेच होऊन जात. पण कोलाच्याच्या, त्या गोल गोड पावाच्या, मधोमध अंगठ्याने खळगा करून त्यात खसखशीचं सारण भरायची वेळ आली, की सगळं उघडं पडे. आज सकाळपासून सारण खळग्याबाहेर सांडत होतं. तिने येशूचं नाव घेतलं, चमचा दोन्ही हातांनी धरला आणि पुढच्या कोलाच्याकडे वळली. पाच डझन करायचे होते.

दुपारी दोन वाजता गावातल्या चेक लोकांच्या सोकोल हॉलमध्ये तिच्या लेनर्डला ब्रिगेडियर जनरल करणार होते. मार्च महिना, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा तिसरा आठवडा, बर्फ वितळून सगळ्या काउंटीच्या रस्त्यांचा चिखल झालेला. नेब्रास्काच्या या कोपऱ्यातून राखीव सेनेचा जनरल याआधी कधी झाला नव्हता, त्यामुळे गावाने हॉल धुऊन काढला होता. पण आल्बिनाच्या मनात हॉल नव्हता, खांदा होता.

चालच तशी होती. सैन्यात नवा हुद्दा मिळाला की त्याची खूण खांद्यावर घरच्यांनी लावायची. उजव्या खांद्यावर बायकोने, डाव्यावर आईने. लेन बावीस वर्षांचा असताना लेफ्टनंट झाला तेव्हापासून डावा खांदा आल्बिनाचा होता. या वेळी मात्र तिने बुधवारीच सुनेला फोन करून सांगून टाकलं होतं, की माझ्या हातून आता ते होणार नाही, डाव्या खांद्यावरचा तारा त्याची बहीण रोझली लावेल.

 फोनवर कॅरन म्हणाली, "आई, त्या दोघांनी नऊ वर्षांत एकमेकांपुढे मीठसुद्धा सरकवलेलं नाही."

"म्हणूनच," आल्बिना म्हणाली.

दहा वर्षांपूर्वी लेन त्याच्या मालट्रकांच्या तुकडीचा प्रमुख म्हणून इराकला गेला तेव्हा त्याच तुकडीत रोझलीचा ट्रेव्हिस होता. एकुलता एक, बावीस वर्षांचा. निघायच्या आदल्या दिवशी याच स्वयंपाकघरात रोझलीने धाकट्या भावाला म्हटलं होतं, "लेन, माझ्या पोराला सांभाळ," आणि लेनने मान हलवली होती. ऑगस्टमध्ये एका रस्त्यावर तीन ट्रक जळाले, त्यातल्या एकात ट्रेव्हिस होता. लेन पुढे सात महिन्यांनी परत आला, तेव्हा रोझलीने दार उघडलं नाही.

त्या दिवशी आल्बिनाने एक व्रत धरलं होतं. आपल्या हातचा कोलाचा आपण तोंडात घालायचा नाही, जोवर ही दोघं एका बैठकीला तो खात नाहीत. दर शनिवारी ती भाजे आणि सगळं वाटून टाकी. लोक समजत, डॉक्टरांनी म्हातारीचं गोड बंद केलंय. तीही त्यांना तसं समजू देई, आणि फादरजवळ कबुलीला गेली की एवढं एक खोटं न चुकता कबूल करी. फादरने एकदा हसून विचारलं होतं, तेच का पुन्हा? ती म्हणाली होती, तेच, फादर, अजून संपलं नाही.

*

कॅरन दहा वाजता आली ती हातावर कोट घेऊन. निळा कोट, दोन्ही खांदे रिकामे. कर्नलच्या हुद्द्याची खूण असलेले गरुड तिने आदल्या दिवशीच काढून डबीत ठेवले होते. लेन कुठे आहे, असं सासूने विचारल्यावर तिने सांगितलं, की ओढ्याजवळचा रस्ता खचलाय म्हणून बघायला गेलाय. आजच्या दिवशीसुद्धा. काउंटीच्या रस्ते खात्याचा तो मुख्य. आठवडाभर खडीचे रस्ते आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार सैन्य, हे ती एकतीस वर्षं बघत आली होती.

ती कोट खुर्चीच्या पाठीवर घालत म्हणाली, की बेथ रात्रभर गाडी चालवून डेन्व्हरहून आलीय. लेक आहे त्याची. तिने लावला तारा तर कुणाला काय वाईट वाटणार आहे?

"बेथ पुढे लावेल ना. तिच्यापुढे पुष्कळ दिवस आहेत."

"आई, मी रोझलीच्या विरुद्ध नाही. पण आज त्याचा दिवस आहे. दोनशे माणसं बसलेली असतील. ती वर आली नाही तर त्याचं तोंड मला बघायचंय का?"

 कॅरनला ठाऊक होतं, म्हातारी गप्प झाली की ती हरलेली नसते, जप करत असते. कॅरनने ओट्यावर सांडलेली खसखस पुसून घेतली. तिच्या मनात आलेलं ती बोलली नाही: ट्रेव्हिस गेल्यापासून तिचा नवराही पुरता घरी आलेला नव्हता. जेवताना ती काही बोलायची आणि तो 'हं' म्हणायचा, पण तो 'हं' कुठून तरी लांबून यायचा. नऊ वर्षं ती त्याला दुःख समजत होती.

अकराच्या सुमाराला बाहेर ट्रक थांबला. रोझली आणि तिचा नवरा मायलो. आईने तिला हॉलमधल्या टेबलांच्या चादरींना इस्त्री करायला बोलावलं होतं, आणि चादरी खरोखरच होत्या. आल्बिना खोटं अगदी मोजकं बोले. रोझलीने खुर्चीवरचा कोट पाहिला. कॅरनला पाहिलं. मग ओव्हरकोट न काढताच म्हणाली, "चादरी कुठायत?"

इस्त्री तापेपर्यंत मायलोने स्वतःच कॉफी ओतून घेतली. तो शेतकरी माणूस, वर्षाला मोजून चार शब्द बोलणारा. पण स्वयंपाकघरातली शांतता त्यालाही सोसेना. म्हणाला, ओढ्याजवळचा रस्ता टिकायचा नाही, लेन मंगळवारीच सांगत होता.

रोझलीचा हात थांबला. "कुठल्या मंगळवारी?"

मायलोने कपात पाहिलं.

"मायलो. कुठल्या मंगळवारी?"

"दर मंगळवारी," मायलो म्हणाला. "धान्याच्या कोठारापाशी. आम्ही कॉफी पितो. चार वर्षं झाली."

"चार वर्षं," रोझली म्हणाली. तिने चादरीची घडी घातली, दुसरी पसरली. "मला वाटायचं, धान्याचे भाव विचारायला जातोस. तरीच आपला मका कधी चांगल्या भावाने जात नाही."

कॅरनला हसू आलं आणि लगेच रडूही. आल्बिनाने हीच वेळ धरली. तिने लेकीला सांगितलं, की चादरींसाठी बोलावलं नाही मी तुला. माझे हात बघ. डाव्या खांद्यावर तारा तू लावायचास, अशी माझी इच्छा आहे. जबरदस्ती नाही. इच्छा आहे.

रोझलीने आईच्या हातांकडे बघितलं. मग पर्स उघडून प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि त्यातून घड्यांवर झिजलेला एक कागद. तो तिने टेबलावर ठेवला. काय आहे ते मायलोला ठाऊक होतं. त्याने कप बाजूला सरकवला.

तेवढ्यात मागच्या दाराशी बूट आपटून चिखल झाडल्याचा आवाज झाला.

*

लेनने आधी बहिणीला पाहिलं आणि नंतर कागदाला. कागद त्याने लांबूनच ओळखला. वरची शिक्क्याची ओळ, खाली त्याची सही. त्या आठवड्यात तंबूतल्या एका पत्र्याच्या टेबलावर त्याने अशा तीन सह्या केल्या होत्या.

"वाच," रोझली म्हणाली.

"रोझ..."

"मी नऊ वर्षं वाचतेय. आज तू वाच. बसून वाच, उभ्याने नको."

तो बसला. चष्मा शर्टाच्या खिशात होता, पण त्याने काढला नाही. त्याला पाठ होतं.

"प्रिय श्रीमती कासल," तो म्हणाला आणि थांबला. खाली बघूनच पुढे म्हणाला, "आपले चिरंजीव ट्रेव्हिस हे कर्तव्य बजावत असताना दिवंगत झाले, हे कळवताना मला अत्यंत दुःख होत आहे. तुकडीतले ते एक विश्वासू चालक होते. आपल्या शोकात मी सहभागी आहे. आपला नम्र, लेफ्टनंट कर्नल लेनर्ड वाव्रा."

"आपला नम्र," रोझली म्हणाली. "आयुष्यात एकदाच नम्र झालास, तोही टाइप करून. लेन, तुझ्या शर्टाची बटणं मी लावायचे शाळेत जाताना. श्रीमती कासल कोण?"

यावर त्याने जे सांगितलं ते हळू सांगितलं. राखीव तुकडी म्हणजे चार काउंटींतली पोरं. त्या तीन आया एकाच दुकानात किराणा घेतात, एकाच चर्चमध्ये बसतात. त्या एकमेकींना पत्रं दाखवणार हे त्याला माहीत होतं, आणि दाखवलीही. एका पत्रात 'लाडके रोझ' आणि दोनमध्ये 'प्रिय श्रीमती' असं असतं, तर त्या दोघी काय समजल्या असत्या? की कर्नलला एकाच पोराचं दुःख झालं.

"मग फोन करायचास."

"कुणी गेलं की छावणीतले फोन बंद करतात. घरच्यांना अधिकारी जाऊन सांगेपर्यंत."

"ते तीन दिवस. चौथ्या दिवशी?"

 मायलो खिडकीबाहेर बघत होता.

"चौथ्या दिवशी पुन्हा ट्रक पाठवायचे होते," लेन म्हणाला. "त्याच रस्त्याने. तुझा आवाज ऐकला असता तर माझ्याकडून ते झालं नसतं."

रोझलीने इस्त्री उभी करून ठेवली. कॅरनला वाटलं, संपलं. हीच गाठ होती आणि ती सुटली. पण लेन उठला नाही. त्याने पत्राची घडी घातली, जशी होती तशीच, जुन्या रेघांवरून.

"आईने मला विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "मला आत्ता दारात तिचं बोलणं ऐकून कळलं, तुला का बोलावलंय ते. म्हणून सांगतो. न सांगता तुझ्या हातून तारा लावून घेतला तर ती चोरी होईल."

आल्बिनाचा जप थांबला.

"खेपांची यादी सार्जंट करायचा. नंबरवारीने. त्या खेपेला ट्रेव्हिसचा नंबर होता. सार्जंटने मला न विचारता त्याचं नाव खाली सरकवलं. कर्नलचा भाचा म्हणून. त्याला वाटलं, मला बरं वाटेल. ट्रेव्हिसच्या जागी त्याने जेसी उलरिखचं नाव घातलं. संध्याकाळी यादी माझ्याकडे सहीला आली." त्याने टेबलावर बोटाने एक आडवी रेघ ओढली. "मी जेसीचं नाव खोडलं. ट्रेव्हिसचं परत वर लिहिलं. माझ्या हाताने."

 चादर करपल्याचा वास यायला लागला. इस्त्री कलंडली होती. मायलो उठला, त्याने ती उचलली आणि वायर काढली. मग तो बसला नाही. तो बायकोच्या मागे जाऊन उभा राहिला. चार वर्षांच्या मंगळवारांत हे एकदाही त्याच्या कानावर आलं नव्हतं.

कॅरनच्याही नव्हतं. तिला आता ते लांबून येणारे 'हं' आठवले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिचे पाय नवऱ्याकडे गेले नाहीत. ती रोझलीच्या शेजारी जाऊन बसली.

"ट्रेव्हिसला माहीत होतं?" रोझलीने विचारलं. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा.

"नाही. त्याने फक्त शेवटची यादी पाहिली."

"जाताना काही बोलला?"

"म्हणाला, आईला रविवारी फोन करायचाय, तोवर येतो."

रोझलीने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

"जेसीचं नाव ठेवलं असतंस तर आज डेलोरेस उलरिख रडत असती," ती शेवटी म्हणाली. "ते मला कळतं. मी मूर्ख नाही. ती दर रविवारी माझ्या मागच्या बाकावर बसते. तिची नातवंडं माझ्या केसांशी खेळतात. मी त्यांना पेपरमिंट देते." ती थांबली. "तू बरोबर केलंस. देवासमोर विचारलं तरी मी हेच सांगेन. पण मी तुला म्हटलं होतं ना रे, सांभाळ म्हणून. तू नाही म्हणायचंस. मान कशाला हलवलीस?"

 छत्तीस वर्षांच्या नोकरीत लेनने शेकडो आयांसमोर मान हलवली होती.

"तारा माझ्याने लागायचा नाही," रोझली म्हणाली. "रागाने नाही. हातच उठायचा नाही."

"नको लावूस," लेन म्हणाला.

मग ती उठली. तिने खुर्चीवरचा कोट घेतला, उजेडात धरला, कॉलरवरचा एक केस काढला. "कॅरन, याची कॉलर नीट दाबलेली नाही," ती म्हणाली. तिने वायर परत लावली, ओलं फडकं मागितलं, आणि सगळे बघत असताना भावाच्या कोटाला इस्त्री करू लागली.

*

हॉलच्या रंगमंचावर प्रागच्या जुन्या पुलाचं चित्र असलेला पडदा होता, पणजोबांच्या काळातला. त्याच्यापुढे झेंडे उभे केले होते. खुर्च्या लावणाऱ्यांत जेसी उलरिख होता; एकतिशीचा, थोडं पोट सुटलेला, शाळेची बस चालवणारा. त्याने आल्बिनासाठी पुढच्या रांगेत हाताची खुर्ची आणून ठेवली आणि रोझलीला विचारलं, "तुमच्यासाठी उशी आणू का, बाई?" रोझलीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. नको, म्हणाली, बरी आहे ही. मग त्याची वर गेलेली कॉलर तिने हाताने खाली केली. तो लाजून हसला आणि पुढच्या खुर्च्यांकडे गेला.

बाहेरगावाहून आलेल्या एका अधिकाऱ्याने लेनची कारकीर्द वाचून दाखवली. छत्तीस वर्षं. कॉलेजची फी भरायला म्हणून भरती झालेला मुलगा. जर्मनी, बोस्निया, कुवेत, इराक. पदकांची नावं. कॅरन ऐकत होती आणि मनात दुसरीच यादी चालली होती: जर्मनी म्हणजे बेथचं पहिलं पाऊल, बोस्निया म्हणजे तिच्या वडिलांचं दफन, कुवेत म्हणजे गोठलेले नळ आणि ती एकटी. इराक या शब्दाला सगळा हॉल शांत झाला. तीन नावं वाचली. ट्रेव्हिसचं दुसरं होतं.

मग हुकूम वाचला गेला आणि घरच्यांना वर बोलावलं. कॅरन उजवीकडे गेली. तिने तारा लावला, खांद्यावरून हात फिरवला, आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघायचं जे सकाळपासून टाळलं होतं ते तिने केलं. बेथ उठायला लागली. पण त्याआधी आल्बिना उठली होती.

तीन पायऱ्या. जनरलची आई म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग टाळ्या थांबल्या, कारण सगळ्यांना तिचे हात दिसले. तारा तिच्या चिमटीत असा थरथरत होता, की दिव्याचा उजेड त्यावर ठरत नव्हता. टोक कापडाला लागे आणि निसटे. पुन्हा लागे आणि निसटे. लेन ताठ उभा होता, समोर बघत. नियमच तसा होता. त्याच्या गालावरून पाणी उतरत होतं आणि ते पुसायलाही त्याला हात हलवता येत नव्हता.

तिसऱ्यांदा निसटला तेव्हा पायऱ्यांवर पावलं वाजली.

रोझली आईच्या मागे येऊन उभी राहिली. ती भावाकडे बघत नव्हती. तिने आईचं मनगट धरलं, एक, मग दुसरं, लहान मुलाला लिहायला शिकवताना धरावं तसं. तारा तिने हातात घेतला नाही. फक्त मनगटं धरली. कंप थांबला नाही, पण एवढा कमी झाला, की टोक आत गेलं. आल्बिनाने मागचा चिमटा दाबला. टक्क असा बारीक आवाज झाला आणि तो पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"झालं, आई," रोझली म्हणाली. "चल खाली."

*

केक कापला, लोक खायला उठले, कुणीतरी अकॉर्डियन काढला. आल्बिना खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. तिच्यापुढे तिच्याच हातच्या कोलाच्यांचं तबक होतं. जर्दाळूचे संपत आले होते, खसखशीचे होते अजून. रोझली दिसत नव्हती. हस्तांदोलनांच्या रांगेत ती नव्हती, कॉफीपाशी नव्हती.

मायलो आला, टोपी हातात धरून. म्हणाला, ती ट्रकमध्ये बसलीय. घरी चल म्हणते. पण चल म्हणते आणि किल्ली माझ्याकडे मागत नाही. मग तो जरा खाकरला. "खसखशीचा एक आण म्हणाली. ट्रेव्हिसला आवडायचे ते."

आल्बिना तबकाकडे हात नेणार तोच मागून एक निळी बाही पुढे आली. लेनने कागदी बशी घेतली, तीवर एक कोलाचा ठेवला. दारात कुणी तरी सेनेटर त्याच्याशी हात मिळवायला थांबला होता. त्याला तो "दोन मिनिटं हं" म्हणाला आणि कोट, तारे, सगळ्यासकट चिखलातून गाडीतळ ओलांडत गेला. मायलो पुढे निघाला होता. कॅरनने त्याची बाही धरून त्याला थांबवलं आणि हातात कॉफी दिली.

खिडकीतून ट्रक दिसत होता. लेन काचेपाशी उभा राहिला. बराच वेळ राहिला. आल्बिनाच्या मनात नऊ वर्षांपूर्वीचं ते बंद दार आलं, आणि तिने जपमाळेचा मणी घट्ट धरला. मग आतून दार उघडलं. तो वर चढून बसला.

काय बोलत होते ते कळायला मार्ग नव्हता. बहुतेक काहीच बोलत नव्हते. दोन डोकी, समोर बघणारी, मध्ये बशी. मग रोझलीने कोलाचा मधोमध मोडला. अर्धा तिने स्वतः तोंडात घातला आणि अर्धा भावापुढे धरला. लेनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. खांदे हलत होते, आणि डावा तारा हलताना चमकत होता. तिने हात मागे घेतला नाही. धरूनच बसली.

आल्बिनाने तबकातून एक कोलाचा उचलला. शेजारी बसलेल्या डेलोरेसने डॉक्टरांची आठवण करून दिली, तर ती म्हणाली, माहीत आहे गं. तिने तो ओठांपर्यंत नेला आणि थांबली. आधी लेनने खाल्ला पाहिजे. हात कापत होता, खसखस तिच्या काळ्या झग्यावर सांडत होती, आणि ती काचेतून बघत तशीच बसून राहिली. नऊ वर्षं थांबली होती. आणखी थोडं.